गुरू किती करावेत?

स्वराच्या डोक्यावर एक टिंब आहे. वही भातखंडे पद्धतीची असेल तर तो स्वर तार सप्तकातला. वही पलुस्कर पद्धतीची असेल तर तोच स्वर मंद्रातला. मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ असेल तर एका वहीत तो तीव्र मध्यम ठरतो आणि दुसरीत तार सप्तकातला शुद्ध मध्यम. तालाचंही तेच. एकीकडे समेला फुली आणि खालीला शून्य, दुसरीकडे समेला एकचा आकडा आणि खालीला अधिकाची खूण. ही दोन्ही लेखनं घडवली ती मराठी माणसांनी. विष्णु नारायण भातखंडे १८६० सालचे, विष्णु दिगंबर पलुस्कर १८७२ सालचे. दोघांनाही गाणं चार घरांच्या बाहेर काढून सगळ्यांपर्यंत न्यायचं होतं, आणि दोघांच्या खुणा मात्र एकमेकींच्या उलट पडल्या.

जो विद्यार्थी आयुष्यभर एकाच वर्गात बसतो त्याला या उलटसुलट खुणांचा त्रास होत नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसाच्या विद्यार्थ्याला होतो, आणि त्याचं कारण भूगोलात आहे. गोंदियाहून पूर्वेकडे निघालेली गाडी आमगाव, सालेकसा, दरेकसा करत डोंगरगडला पोचते, आणि डोंगरगडहून सडकेने खैरागड गाठता येतं. तिथे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे. खैरागडच्या राजा-राणीने दिवंगत मुलीच्या नावाने आपला राजवाडा देऊन ते उभं केलं ते ऑक्टोबर १९५६ मध्ये. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला, आणि संगीताचं विद्यापीठ सुरू होतं न होतं तोच सालेकसा त्याच्या राज्याबाहेर गेलं. सरहद्द बदलली म्हणून शिकणाऱ्यांच्या वाटा मात्र बदलल्या नाहीत. या पट्ट्यात गोंदियाकडून पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयाच्या परंपरेतले गुरुजी भेटतात आणि डोंगरगडकडून खैरागडला भातखंडे पद्धतीने शिकून आलेले. गावातल्या भजनी मंडळाचे पेटीमास्तर असतातच. आता त्यात मोबाइलवरच्या तासाची भर पडली आहे. एकाच वेळी दोन-तीन जणांकडे शिकणं ही इथे चैन नाही. एवढ्या अंतरावर, एवढ्या कमी वेळात, कुणा एकाकडून सगळं मिळणं शक्यच नसतं.

तरीही हा प्रश्न निघाला की जुनीजाणती माणसं मान हलवतात. एक ना धड, भाराभर चिंध्या, असं म्हणून विषय संपवतात. त्यांना उत्तर द्यायचं म्हणून दुसरी बाजू दत्तात्रेयाचे चोवीस गुरू पुढे करते. भागवताच्या अकराव्या स्कंधातल्या त्या अवधूताने पृथ्वीकडून एक गुण घेतला, वाऱ्याकडून दुसरा, मधमाशीकडून तिसरा. मराठीत ती कथा घरोघर पोचवली एकनाथांनी. पण चोवीस गुरूंची कथा इतक्या प्रेमाने सांगणाऱ्या नाथांच्या अभंगाच्या शेवटी नाव येतं ते एकाच गुरूचं, जनार्दनस्वामींचं. मला या दोन गोष्टींत विसंगती दिसत नाही. संगीतातल्या थोरांची चरित्रं वाचली तर बहुतेक ठिकाणी हीच मांडणी सापडते: गुरू अनेक, आणि त्यांतला एक असा की ज्याच्या हाताखाली गळा तयार झाला.

मुळात एकच गुरू करावा हा दंडक आला कुठून, ते पाहायला हवं. गंडा बांधून शागीर्द झालेल्याने दुसऱ्या उस्तादाकडे जायचं नाही, ही रीत केवळ श्रद्धेतून आलेली नाही. चीज ही उस्तादाची मिळकत होती. दरबारात मान, बिदागी आणि घर मिळायचं ते आपल्याजवळ जे आहे ते दुसऱ्याजवळ नसल्यामुळे. मुलीच्या लग्नात बंदिशी आंदण दिल्याच्या गोष्टी सांगतात त्या उगीच नाहीत. अशा व्यवस्थेत दोन घरी जाणारा शागीर्द म्हणजे एका घरची चीजवस्तू दुसऱ्या घरी पोचवणारा माणूस, आणि त्याच्यावर नजर ठेवणं साहजिकच होतं. भातखंड्यांनी गावोगाव फिरून, उस्तादांची मनधरणी करून बंदिशी मिळवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापल्या, तेव्हाच या दंडकाचं निम्मं कारण संपलं. ध्वनिमुद्रणं घरोघर झाली तेव्हा उरलेलंही जवळजवळ संपलं. आज ज्या बंदिशीसाठी पूर्वी वर्षानुवर्षं सेवा करावी लागे, ती सालेकसाच्या एसटी स्टँडवर बसून ऐकता येते. कारण गेलं तरी दंडक राहिला.

तो दंडक त्या काळातही सगळ्यांनी पाळला नव्हता. भास्करबुवा बखल्यांनी बडोद्याला फैज महंमद खाँकडून ग्वाल्हेरची गायकी घेतली, नत्थन खाँकडून आग्र्याची आणि पुढे अल्लादिया खाँकडून जयपूरची. पुण्यात १९११ साली भारत गायन समाज काढणारा, बालगंधर्वांना आणि मास्तर कृष्णरावांना शिकवणारा हा माणूस तीन घराण्यांचं गाणं एका गळ्यात बाळगून होता. मल्लिकार्जुन मन्सूर आधी नीलकंठबुवा मिरजकरांकडे ग्वाल्हेरचं गाणं शिकले, मग मंजी खाँकडे गेले, आणि १९३७ मध्ये मंजी खाँ वारल्यावर त्यांचे बंधू भूर्जी खाँ यांच्याकडे. विदर्भाला तर वसंतराव देशपांड्यांचं नाव वेगळं सांगायला नको. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे पाया, लाहोरला असद अली खाँकडे महिनोन्महिने मारवा, पुढे सुरेशबाबू माने आणि इतर. आपलं घराणं आपल्यापासून सुरू होतं, असं ते म्हणत, आणि ते ऐकून रागावलेले लोकही त्यांच्या मैफलीला बसतच.

हे सगळे बहुतांशी एकामागून एक केलेले गुरू आहेत, असा आक्षेप कुणी घेईल. तो रास्त आहे. एकाच वेळी दोघांकडे शिकण्याचं स्वच्छ उदाहरण हवं असेल तर श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांचं घ्यावं, आणि सालेकसाच्या वाचकाने तर आवर्जून घ्यावं, कारण पुढे खैरागडच्या विश्वविद्यालयाचे सुरुवातीचे कुलगुरू झाले ते हेच. लहानपणी मुंबईत कृष्णंभट्ट होन्नावर आणि मग अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतुबुवा, यांच्याकडे त्यांनी स्वरांचा पाया घातला. पुढे भातखंड्यांनी त्यांना हाताशी धरलं आणि शास्त्र, बंदिशी, रागांची मांडणी शिकवली. पण भातखंडे स्वतः मैफलीचे गवई नव्हते, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनीच या मुलाला बडोद्याला फैयाज खाँकडे पाठवलं. आग्रा घराण्याचा तो बुलंद आवाज, ती नोमतोम, ते लयीवरचं स्वार होणं, हे पुस्तकातून देता येणार नाही हे भातखंड्यांना कळत होतं. बडोद्याला असतानाही रातंजनकरांचं भातखंड्यांशी असलेलं शिष्याचं नातं तुटलं नाही. एक गुरू गायकी देत होता, दुसरा गायकीकडे कसं पाहायचं ते देत होता.

या प्रकरणात मला सगळ्यांत मोलाची वाटते ती पाठवण्याची कृती. शिष्य लपून गेला नाही, गुरूने पाठवला. आपल्याजवळ काय नाही हे गुरूने आधी स्वतःशी कबूल केलं आणि मग ते जिथे आहे तिथला रस्ता दाखवला. मोगूबाई कुर्डीकरांनी हेच केलं. अल्लादिया खाँची तालीम घेतलेल्या, शिस्तीला कडक असलेल्या या माउलीने मुलीला, किशोरी आमोणकरांना, स्वतः तालीम दिली आणि शिवाय अंजनीबाई मालपेकरांकडे, अन्वर हुसेन खाँकडे, शरच्चंद्र आरोळकरांकडे शिकू दिलं. भेंडीबाजार, आग्रा, ग्वाल्हेर. आईचं जयपूर त्याने पातळ झालं का? किशोरीताईंचं गाणं ऐकलेल्या कुणालाही याचं उत्तर विचारावं. बी. आर. देवधरांनीही मुंबईतल्या आपल्या शाळेचं दार उघडं ठेवलं होतं, आणि त्यांचा शिष्य कुमार गंधर्व हाही अंजनीबाईंकडे शिकून आला.

अंतुबुवांचा धागा इथे पुन्हा हाती येतो. रातंजनकरांना शिकवलेल्या अंतुबुवांचे चिरंजीव म्हणजे गजाननबुवा जोशी. त्यांनी वडिलांकडून ग्वाल्हेर घेतलं, रामकृष्णबुवा वझ्यांकडून घेतलं, विलायत हुसेन खाँकडून आग्रा आणि भूर्जी खाँकडून जयपूर. वर व्हायोलिन वाजवलं ते वेगळंच. त्यांच्याकडे विदर्भातून उल्हास कशाळकर गेले. तेही आधी वडिलांकडे, मग नागपुरात राजाभाऊ कोगजे आणि खर्डेनवीस यांच्याकडे, नंतर मुंबई-ठाण्याकडे राम मराठ्यांकडे शिकून. आणि राम मराठे स्वतः अनेक गुरूंचे शिष्य. कशाळकरांच्या मैफलीत ग्वाल्हेरचा ख्याल ग्वाल्हेरसारखा येतो आणि जयपूरचा राग जयपूरच्या वळणाने. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर या तिन्हींची खिचडी होत नाही. अनेकांकडे शिकल्याने गाणं गढूळ होतं, या भीतीला याहून सरळ उत्तर दुसरं नाही.

मग भीती अगदीच खोटी आहे का? नाही. फक्त ती जिथे दाखवली जाते तिथे नाही, दुसरीकडे आहे. घराणी एकमेकांत मिसळण्याचा धोका फार पुढचा. त्याआधी गळ्याचा आणि कानाचा प्रश्न येतो, आणि तो अगदी पहिल्या-दुसऱ्या वर्षी येतो.

आमच्या भागातल्या एका मुलीला मी यमन म्हणताना ऐकलं. आठवड्याचे चार दिवस ती भजनी मंडळात पेटीच्या साथीने गायची आणि रविवारी गाडीने वर्गाला जायची, तिथे तंबोरा. पेटीवर गंधार ठरलेला. बोट पट्टीवर पडलं की तो वाजतो, आणि त्याला चिकटून गायचं. तंबोऱ्याचा गंधार वेगळा. खर्जाची तार छेडून कान लावून बसलं की त्या तारेतूनच एक गंधार हळूच वर येतो. तो पेटीच्या गंधारापेक्षा किंचित उतरा असतो, शास्त्राच्या मापाने सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या सुराचा साधारण सातवा हिस्सा. पेटीमास्तर म्हणत, पोरी, गंधार उतरतोय, वर ये. रविवारी गुरुजी म्हणत, गंधार चढतोय, खाली बस. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. मुलगी मात्र गंधार आला की घाबरून त्यावरून पटकन पुढे सरकायची आणि पंचमावर जाऊन सुटकेचा श्वास टाकायची. यमनमध्ये गंधारावरच थांबता येईना तर उरलं काय?

आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी घातली होती, तिच्या मुळाशी हाच वाद होता. मोठमोठ्या विद्वानांना तीस वर्षं ज्याचा निकाल लावता आला नाही, तो निकाल आपण दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्यावर टाकतो आणि तिला कारणही सांगत नाही. आणखी एक गोष्ट. मंडळाची पट्टी मुख्य गायकाच्या गळ्याप्रमाणे लागते. तो काळी चारमध्ये गाणारा असेल तर सगळी मुलं त्याच्यामागे ओढली जातात. वर्गात याच मुलांना काळी एक किंवा दोनमध्ये खर्ज लावायला सांगतात. आवाज फुटायच्या वयातल्या मुलाचा गळा या ओढाताणीत बसला की पुन्हा ताळ्यावर आणायला फार कष्ट पडतात.

म्हणून माझं मत असं आहे. सूर स्थिर होईपर्यंत गळा एकाच्याच हाताखाली असावा. त्या काळात दुसऱ्याकडे जायला हरकत नाही, पण तिथे दुसरी वस्तू घ्यावी: ताल घ्यावा, पेटीवरचा हात घ्यावा, शास्त्र घ्यावं, भजनाची पाठांतरं घ्यावीत. पाश्चात्त्य संगीतविद्यालयांत विद्यार्थ्याला मुख्य वाद्याचा एक शिक्षक असतो, आणि स्वररचनेचे, समूहवादनाचे शिक्षक वेगळे असतात. तिथे कुणाला त्यात द्रोह वाटत नाही. गळा एकदा बसला की मग दुसऱ्या घराण्याच्या दारात जावं, आणि जाताना मोकळ्या मनाने जावं. तेव्हा दोन गुरूंचे मतभेद हा त्रास राहत नाही, तीच शिकवणी होते. दोघं एकच राग वेगळा का दाखवतात हे शिष्याला दिसू लागलं की राग कळायला सुरुवात होते. वह्यांचा घोटाळा तर सोपा आहे. वहीच्या पहिल्या पानावर पद्धतीचं नाव मोठ्या अक्षरात लिहावं, आणि मुलांना दोन्ही पद्धती समोरासमोर ठेवून शिकवाव्यात. बारा-तेरा वर्षांचं मूल हे सहज उचलतं.

पेटीमास्तरांचा विषय निघाला आहे तर त्याबद्दल आणखी बोललंच पाहिजे. शास्त्रीय वर्गातले कित्येक शिक्षक मुलांना सांगतात की भजन सोड, दंडार सोड, नाटकाच्या पेटीपासून लांब राहा, गळा खराब होईल. हे मला मुळीच पटत नाही. भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, रात्रभर दंडारी, गंमत आणि नाटकं चालतात. त्या नाटकात पेटीवर बसलेल्या माणसाकडे एकदा नीट पाहावं. नटी ऐनवेळी अर्धा सूर खाली उतरते आणि याची बोटं त्याच क्षणी नव्या पट्टीत जातात. नट बोलता बोलता गाण्यावर येतो, तो कुठे येणार हे याला आधीच कळलेलं असतं. हजारोंच्या गर्दीत, पहाटेपर्यंत, न चुकता. ही विद्या कुठल्याही विशारदच्या अभ्यासक्रमात नाही. ज्या मुलाला ती बालवयात मिळाली त्याच्याकडून ती काढून घेणं हा अन्याय आहे. पेटीमास्तरांना शास्त्राची नावं येत नसतील, म्हणून त्यांचा कान कमी प्रतीचा ठरत नाही.

आणि या मातीत वर्ग येण्याच्या कितीतरी आधीपासून वाजणारी वाद्यं आहेत. सालेकसा तालुक्यात धनेगावजवळच्या कचारगडला माघ पौर्णिमेला गोंड समाजाची जत्रा भरते. त्या गुहेच्या कथेत पारी कुपार लिंगोबरोबर हिरासुका पाटालीर हा वादक आहे, कोंडलेल्या मुलांना सोडवण्यासाठी ज्याने जीव दिला, अशी श्रद्धा आहे. ज्या मुलाच्या कानावर जन्मापासून ही वाद्यं आहेत त्याचा पहिला गुरू आपण नव्हे, हे वर्गातल्या शिक्षकाने मनात धरावं. त्रितालाची मात्रा त्याला शिकवताना त्याच्या पायात आधीच असलेल्या ठेक्याला हाक मारावी. तो पुसून टाकायची गरज नसते.

मोबाइलला मात्र मी गुरूंच्या यादीत धरत नाही, निदान ध्वनिमुद्रित धड्यांना तरी. त्या धड्याला आपला गंधार ऐकू येत नाही. चुकलं की तो थांबवत नाही, घसा बसला की आज घरी जा म्हणत नाही. त्याच्यावरून मोठमोठ्यांचं गाणं भरपूर ऐकावं, आणि ऐकण्याला ऐकणंच म्हणावं. समोर बसून, प्रत्यक्ष किंवा पडद्यावर, जो आपलं ऐकतो आणि चूक काढतो तो शिक्षक. अमेरिकेतली मराठी मुलं पुण्यातल्या गुरूंकडे पडद्यावर शिकतात आणि तिथल्या गावातल्या तबलजीबरोबर रियाज करतात. तिथेही नियम हाच लागू पडतो.

या सगळ्यात जे खरोखर नासतं ते लपवाछपवीने. लहान गावात सगळ्यांना सगळं कळतं. रविवारी मुलगी गाडीत दिसली, ही बातमी सोमवारी पेटीमास्तरांच्या ओसरीवर पोचलेली असते. तिने सांगितलेलं नसतं, म्हणून त्यांना ते लागतं. गुरुपौर्णिमेला ती कुणाच्या पाया आधी पडते याकडे दोन्हीकडे डोळे लागतात. मग शिकवण्यात हात आखडता येतो. शिक्षक तोंडाने काही बोलत नाहीत, पण नवी चीज द्यायची राहून जाते. या दुखऱ्या जागेमागे पैशाचाही भाग असतो आणि तो उघड बोलायला हवा. तालुक्याच्या गावात गाणं शिकवून घर चालवणाऱ्या माणसाला एक विद्यार्थी गेला तर फरक पडतो. तो दुसरीकडेही शिकतो म्हणून पहिल्याची फी अर्धी करणारे पालक मी पाहिले आहेत. हे करू नये. दुसऱ्या गुरूचा खर्च पहिल्या गुरूच्या ताटातून काढायचा नसतो.

शिक्षकांकडेही मागणं आहे. गोंदिया, आमगाव, सालेकसा, डोंगरगड ही एका रेल्वेमार्गावरची गावं. इथले शिक्षक एकमेकांना नावाने ओळखतात, मात्र आपल्या दोघांकडे येणाऱ्या मुलाबद्दल एकमेकांशी बोलत नाहीत. तुमच्याकडे कुठली पट्टी लावता, सध्या कुठला राग चालू आहे, गंधाराचं काय करूया, एवढं फोनवर बोलायला पाच मिनिटं लागतात. आणि मूल आपल्या पुढे गेलं आहे असं वाटलं तर भातखंड्यांनी केलं तसं त्याला हाताला धरून पुढच्या दारी न्यावं. खैरागड इथून लांब नाही. दहावी-बारावी झालेल्या, गळा असलेल्या मुलाला तिथली तालीम एकदा दाखवून आणणारा शिक्षक त्या मुलाच्या मनातून कधीच उतरणार नाही.

पालकांना एवढंच सांगणं आहे: या दिवाळीनंतर मुलाला दुसरा वर्ग लावायचा विचार असेल तर आधी मुलाला घेऊन पहिल्या गुरुजींच्या घरी जा, त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगा, आणि कुणाकडे पाठवावं हे त्यांनाच विचारा.